दानपत्रात अट लिहिली आहे का, ते आधी बघा

मुलाला दानपत्र करून दिलं की घर कायमचं गेलं, असं म्हटलं जातं. तसं नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 खाली एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) ते रद्द ठरवू शकतात. मात्र दानपत्र कायदा लागू झाल्यानंतरचं हवं, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दिसायला हवं. घोडं अडतं ते इथेच. मसुदा लिहिणारे सवयीने ‘प्रेमापोटी’ एवढंच लिहून मोकळे होतात, आणि ही अट गृहीत धरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2022 मध्येच म्हटलंय. उलट आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या प्रकरणात (जानेवारी 2025) दानपत्राच्या दिवशीचं मुलाचं सांभाळण्याचं वचनपत्र सुप्रीम कोर्टानेच ग्राह्य धरलं, दानपत्र रद्द झालं आणि ताबाही आईला परत मिळाला.

तेव्हा इंदूरच्या कलेक्टोरेटमध्ये अर्ज देताना रजिस्ट्रीच्या नकलेबरोबर असा कागद असेल तर जोडाच. नुसता दरमहा खर्च मागितला तर घराचा प्रश्न तसाच राहतो. कलम 23 ची मागणी वेगळी लिहा. अर्ज फेटाळला तर अपील 60 दिवसांत. घर अजून स्वतःच्या नावावर असेल तर दानपत्राची घाई कशाला? मृत्युपत्र करा, हयातीत केव्हाही बदलता येतं.