हवाईच्या राणीला पदच्युत कोणी केले : मळेवाल्यांनी की अमेरिकेने?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधील आमच्या वाचक मंडळाच्या पुढील बैठकीत हवाईच्या राज्याच्या अस्तावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिला अमेरिकन साखर मळेवाल्यांनी पदच्युत केले, असे बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेले दिसते. मात्र तेथील बडा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकल्स हा बेटे अमेरिकेत विलीन करण्याच्या विरोधात होता, हे वाचल्यावर ती ओळ मला पुरेशी वाटेनाशी झाली. डाव मळेवाल्यांचा होता, तर त्यांच्यातलाच इतका मोठा माणूस विरोधात कसा गेला? आणि अमेरिकी सरकारचा हात त्यात नेमका किती होता? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

निफाडकर

१८७५ च्या व्यापारी करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनशुल्क जाऊ लागली आणि बेटांवरचे भांडवल उसाकडे वळले. पुढे १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेने सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरील शुल्क काढून टाकले आणि स्वतःच्या उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान देऊ केले. म्हणजे हवाईच्या साखरेवर कोणताही नवा कर बसला नाही, तरी तिला मिळणारा खास लाभ संपला. दूरच्या राजधानीत एक अधिसूचना निघते आणि इकडे बाजार कोसळतो, हे डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीत लासलगावला अनुभवलेल्यांना समजावून सांगायला नको.

विलीन झालो की आपला ऊस अमेरिकेचा ठरेल आणि अनुदान मिळेल, असा काहींचा हिशेब होता. पण मळे चालत ते चीन, जपान आणि पोर्तुगीज बेटांवरून आणलेल्या करारबद्ध मजुरांवर. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना, तर १८८५ मध्ये परदेशातून करारावर मजूर आणण्यालाच बंदी घातली होती. विलीन झाल्यावर हे कायदे बेटांनाही लागू होतील आणि मजूर मिळणार नाहीत, हीच स्प्रेकल्सला धास्ती होती. त्यामुळे ‘मळेवाले’ हा एकजिनसी गट समजू नये.

गोदाकाठ

निफाडकरांचे मजुरांविषयीचे विवेचन पटते, पण सारे खापर साखरेच्या दरावर फोडता येणार नाही, कारण मॅकिन्ली कायद्याच्या तीन वर्षे आधी, जुलै १८८७ मध्येच, ‘होनोलुलू रायफल्स’ या सशस्त्र स्वयंसेवी पलटणीच्या धाकाने राणीचा भाऊ व तिच्या आधीचा राजा कालाकौआ याच्याकडून नव्या राज्यघटनेवर सही घेण्यात आली होती. तिला ‘संगिनीची घटना’ म्हणतात ते उगीच नव्हे. अमेरिकन व युरोपीय रहिवाशांना तिने नागरिकत्व न घेताही मताचा हक्क दिला आणि आशियाई लोकांना मतदानातून वगळले. विधिमंडळातील वरिष्ठ गटाच्या प्रतिनिधींना निवडण्यासाठी ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचे उत्पन्न असण्याची अट घातल्यामुळे बहुसंख्य मूळ हवाईवासी आपल्याच देशात त्या मतापासून दूर राहिले. त्याच वर्षी पर्ल हार्बरच्या वापराचा खास हक्कही अमेरिकेला मिळाला.

१४ जानेवारी १८९३ रोजी राणी जी नवी घटना जाहीर करू पाहत होती, ती या १८८७ च्या घटनेला उत्तर म्हणून. कट रचणारा लॉरिन थर्स्टन आणि नंतर सत्तेवर बसलेला सँफर्ड डोल हे दोघे मिशनरी घराण्यांतले, बेटांवरच जन्मलेले. डोल तर त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता! त्यांना ‘परकी व्यापारी’ म्हणून मोकळे होणे मला तरी पुरेसे वाटत नाही.

जुने दप्तर

अमेरिकेच्या हाताविषयी लिहितो. अमेरिकेचा हवाईतील राजदूत जॉन स्टीव्हन्स याची भूमिका वाचताना साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट आठवतो. १६ जानेवारीला ‘बॉस्टन’ युद्धनौकेवरून १६२ सैनिक व खलाशी उतरवले गेले. कारण सांगितले ते अमेरिकनांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण, पण तळ पडला तो सरकारी इमारत आणि राजवाडा यांच्या अगदी जवळ, एरियन हॉलपाशी. दुसऱ्या दिवशी राणीचे पोलीस ठाणे आणि शिबंदी तिच्याच ताब्यात असताना स्टीव्हन्सने बंडखोरांच्या सरकारला मान्यता दिली.

राणीचे शहाणपण तिच्या निषेधपत्रात दिसते. आपण शरण जात आहोत ते अमेरिकेच्या वरचढ बळापुढे, असे तिने लिहिले. डोलच्या सरकारपुढे नव्हे. इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून दूर केलेल्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली आणि कोणी ऐकले नाही. राणीचे मात्र ऐकले गेले. अध्यक्ष क्लीव्हलंडने चौकशीसाठी ब्लाउंटला पाठवले आणि डिसेंबर १८९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसला (संसदेला) दिलेल्या संदेशात राणीवर अन्याय झाल्याचे मान्यही केले. तरी डोलने सत्ता सोडण्यास नकार दिला आणि त्याला बळाने हटवण्याची क्लीव्हलंडची तयारी नव्हती.

१८९७ च्या विलीनीकरण कराराविरुद्ध हवाईवासीयांच्या २१ हजारांहून अधिक सह्या वॉशिंग्टनला गेल्या. सिनेटमध्ये करारासाठी लागणारी दोन तृतीयांश मते जमेनात, म्हणून १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध सुरू असताना, साध्या बहुमताने संमत होणाऱ्या संयुक्त ठरावाची वाट काढण्यात आली. बैठकीत वेळ कमी असेल, तर निषेधपत्र आणि हा ठराव एवढेच शेजारी शेजारी वाचून दाखवावे.