आयटीआय इलेक्ट्रिशियन करू का सहा महिन्यांचा कोर्स? हिशोबच जमंना (सोलापूर)

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. वय 24, बारावी आर्ट्स झालंय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, पगार आठवड्याला, महिन्याचे मिळून बारा हजाराच्या आसपास पडतात, ते पण सूत वेळेवर आलं आणि लाइट नीट राहिली तर. लाइनच बदलावी म्हणतोय, इलेक्ट्रिशियनकडं जावं. एका खाजगी क्लासवाल्यानं सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटचे 35 हजार सांगितलेत, वर "शंभर टक्के नोकरी" म्हणतोय. सरकारी आयटीआयची फी त्याच्यापुढं काहीच नाय पण दोन वर्षं जाणार. बारा हजार गुणिले चोवीस म्हणजे 2 लाख 88 हजार पगार बुडतो बघा, हीच माझी खरी फी. घरी आई विड्या वळती, तेवढ्यावर भागत नाय. तिसरा रस्ता म्हणजे मामाच्या ओळखीच्या वायरिंग मिस्त्रीकडं हेल्पर म्हणून जायचं, चारशे रोज. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, सल्ला देणारे घरात भरपूर आहेत.

चिंचोळी एमआयडीसी
भावा मी विजापूर रोडच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलंय, आता चिंचोळीत मेंटेनन्सला आहे. तुझ्या गणितात एक चूक आहे. आयटीआय दोन शिफ्टमध्ये चालतंय, म्हणजे पोराला अर्धा दिवस मोकळा मिळतो, आमच्या बॅचला दोघं तर रात्री लूमवर उभे राहायचे आणि सकाळी वर्कशॉपमध्ये पेंगायचे. सगळा पगार नाय बुडत, निम्मा धर. फक्त हजेरी 80 टक्के लागती, त्याच्या खाली गेलास तर परीक्षेला बसू देत नाहीत, आमच्यातल्या एकाचं वर्ष तसंच गेलं. वयाची वरची अट नाय त्यामुळं 24 चं टेन्शन घेऊ नको. प्रवेश मात्र दहावीच्या मार्कावर, आणि इलेक्ट्रिशियन हा ट्रेड पोरं पहिला टाकतात, मार्क किती ते आधी सांग. खाजगी आयटीआय घ्यायची वेळ आली तर सेंट्रल राउंडमधूनच, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतूनच घे, म्हणजे महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरून फी परत मिळायचा चान्स राहतो.

आणि दोन वर्षांनी लगेच पगार सुरू होईल असं पण धरू नको. पुढं एक वर्ष अप्रेंटिस, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम. 2019 च्या नियमात आयटीआयवाल्याला महिन्याला कमीत कमी 7 हजार स्टायपेंड होतं, म्हणजे त्या वर्षी टॉवेलपेक्षा कमीच हातात येणार. हे कुणी आधी सांगत नाय.

फ्यूज उडाला
सहा महिन्यांचा मी केलाय बे. क्लासचं नाव घेत नाय. 28 हजार भरले, शिकवलं काय तर बोर्ड भरणं, फॅनचं कनेक्शन, जिन्याचा टू वे स्विच आणि ट्यूब. एक मोटर होती ती पण उघडूनच ठेवलेली. सर्टिफिकेट लॅमिनेट करून दिलं मस्त. महावितरणची भरती निघाली तेव्हा कळलं की त्यांना एनसीव्हीटीचा, म्हणजे केंद्राच्या मान्यतेचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन नायतर वायरमन ट्रेड लागतो, माझा कागद फॉर्मच्या पहिल्याच पानावर बाद. "शंभर टक्के नोकरी" म्हणजे पुण्यात एका कंपनीत हेल्परचं काम होतं, रूमभाडं आपलं आपण. पंधरा दिवसांत परत आलो.

टॉवेलवाला
दहावीला 61 टक्के आहेत. महावितरणमध्ये लागलं तर पगार किती असतो?

चिंचोळी एमआयडीसी
विद्युत सहाय्यक म्हणून घेतात, पहिली तीन वर्षं मानधन. 2023 च्या जाहिरातीत पहिल्या वर्षी 15, दुसऱ्या वर्षी 16, तिसऱ्या वर्षी 17 हजार महिना होतं. काम समाधानकारक असलं की मग तंत्रज्ञ, खरी पगाराची स्केल तिथनं. पण त्याच्यावर घर बांधायला काढू नको, 2019 ला 5 हजार जागांची जाहिरात आली होती त्यानंतर मोठी भरती थेट 2023 संपताना, 5347 जागा. चार वर्षं वाट बघत बसलेली पोरं माझ्या ओळखीत आहेत, नुसता अभ्यास करायलेत.

पाना पक्कड
मी कॉन्ट्रॅक्टर, वीस वर्षं झाली जुळे सोलापुरात. पोरा, शिकायला मिस्त्रीकडं ये, मी नाय म्हणत नाही, पण कुठं पैसा आहे ते समजून घे. वायरिंगचे पैसे पॉइंटमागं मिळतात, त्यात मालक घासाघीस करतो, चुलत भावाचा मेहुणा स्वस्तात करून देतो म्हणतो. नवीन मीटर घ्यायला महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्याच्यावर सही लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचीच चालती. माझ्याकडं असे मिस्त्री आहेत की हात माझ्यापेक्षा सफाईदार, पण लायसन नाय, म्हणून सहीसाठी माझ्याकडं यावं लागतं. त्यांच्याकडं आयटीआयचा कागद असता तर परवाना काढून कधीच सुटे झाले असते.

दुसरं, नुसतं घरकाम शिकू नको. मोटर रिवाइंडिंग शीक, म्हणजे जळलेली तार काढून नवीन गुंडाळायचं काम. तुझ्या कारखान्यात लूमची एक एचपीची मोटर जळली की रिवाइंडिंगवाल्याकडं कोण घेऊन जातंय बघ, आणि बिल किती येतंय ते पण बघ. उन्हाळ्यात मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या पाणबुडी मोटारी रांगेत पडलेल्या असतात, ऊस वाळायला लागला की शेतकरी घासाघीस करत नाय, फक्त "आज द्या" म्हणतो. वळशांचा हिशोब चुकला तर तार आपल्या पदरची जाती, म्हणून सहा महिने गप बसून बघायचं, हात लावायचा नाय. आमच्या वस्तादानं तर मला वर्षभर नुसती जुनी तार उपसायला लावली होती.

सोलारवाली
हे वाचून राहवेना. मी पण आयटीआय इलेक्ट्रिशियनच, आमच्या बॅचला तिघीच पोरी. नंतर सूर्यमित्र केलं, म्हणजे सोलार बसवायचं ट्रेनिंग, तीन महिन्यांचं, राहून करायचं आणि सरकारी म्हणून फुकट. घरावरच्या 3 किलोवॅट सोलारला 78 हजार सबसिडी सुरू झाल्यापासनं घरावरची कामं वाढलीत. पण सोलापूरचं ऊन माहितीय ना दादा, मे महिन्यात पत्र्यावर चढायचं म्हणजे पाना हातात धरवत नाय, आम्ही सकाळी सहाला सुरू करून अकराला उतरतो. तुमची तयारी असेल तर बघा, पण आधी आयटीआय.

फ्यूज उडाला
ताई बरोबर बोलतायत. मी पण यंदा आयटीआयचा फॉर्म टाकतोय. 28 हजाराचं लॅमिनेशन घरीच राहू दे.

टॉवेलवाला
सगळ्यांना थँक्यू. आईला सांगितलं, ती म्हणाली रात्रपाळी करून शिकणार असशील तर शिक, पण सहा महिन्यांच्या कोर्सला पैसे मागू नको. मालकाला रात्रपाळीचं विचारलंय, सोमवारी सांगतो म्हणाला. पाना पक्कड काका, रविवारी सुट्टी असती, वर्कशॉपमध्ये येऊन नुसतं बसलं तर चालंल का?

पाना पक्कड
ये की. डबा घेऊन ये, दिवसभर बसायला लागतंय. आणि चप्पल नको, बूट घाल.