घरून डबे आणि पुरणपोळ्या करते, सोसायटीने नोटीस लावलीये. नियम नक्की काय आहेत?

कर्वेनगरची_सून · ११ जून २०२४

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, दोन रात्री झोप नाहीये.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो, तिसरा मजला, टू बीएचके, फ्लॅट सासूबाईंच्या नावावर. लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचा पगार अर्ध्यावर आला तेव्हा डबे सुरू केले, आधी बिल्डिंगमधल्याच दोन आजींना, मग जवळच्या हॉस्टेलच्या मुलींना, आणि वाढत वाढत आता रोज ४० डबे जातात. डबा ९० रुपये, रविवारी सुट्टी. होळीला आणि श्रावणात पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी असतात त्या वेगळ्या. पोळ्या लाटायला सकाळी सहाला एक मावशी येतात आणि गेल्या दिवाळीपासून त्यांची भाची पण येते.

शनिवारी लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली की निवासी इमारतीत व्यवसाय चालणार नाही, ३० तारखेपर्यंत बंद करा नाहीतर मेंटेनन्स दुप्पट. नाव नाही घातलं पण फ्लॅट नंबर घातलाय, म्हणजे सगळ्यांना कळलंच. सासूबाई खाली भाजी आणायला जायला तयार नाहीत. आणि दुसऱ्या मजल्यावर सीएंचं ऑफिस घरातूनच चालतं त्याला काही नाही, ते मला फार लागलं.

माझ्याकडे फक्त उद्यमचं सर्टिफिकेट आहे, तेही एका एजंटने १५०० रुपये घेऊन काढून दिलेलं. बाकी काय काय लागतं? सोसायटीची एनओसी लागतेच का? महापालिका येऊन सील करते असं एकजण म्हणाले ते खरंय का? प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा.

---

ओव्हनवाली_सहकारनगर

ताई आधी घाबरू नका, हे सगळं मी २०२१ मध्ये केक सुरू केले तेव्हा पालथं घातलंय.

उद्यम रजिस्ट्रेशन फुकट असतं, आधार नंबरवर घरबसल्या दहा मिनिटांत होतं. तुमचे १५०० गेले ते गेले पण पुढच्या कुठल्याही कागदाला एजंट लावू नका. आणि उद्यम म्हणजे परवाना नाही, तुमचा धंदा लघुउद्योग म्हणून नोंदलाय एवढाच त्याचा अर्थ.

खाण्याचं विकताय म्हणजे पहिला कागद एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, बाकी सगळं नंतर. आत्ताच्या, म्हणजे २०२४ च्या, नियमाने वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा टाकायचा, फी वर्षाला १०० रुपये, एकदम पाच वर्षांचं पण घेता येतं. मी लाइट बिल जोडलं होतं, सोसायटीची एनओसी माझ्याकडे कोणी मागितली नाही. तुमचा फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे तर त्यांचं संमतीपत्र सोबत जोडा. १४ आकडी नंबर येतो तो बिलावर छापायचा.

पण तुमचा हिशोब मी मांडून बघितला. ४० डबे गुणिले ९० म्हणजे दिवसाला ३,६००, महिन्याचे २६ दिवस धरले तर ९३,६००, आणि वर्षाचे ११,२३,२००. ही उलाढाल झाली, नफा नाही, आणि मर्यादा उलाढालीवर मोजतात. यात पुरणपोळ्या धरल्या की १२ लाख ओलांडलेच समजा, मग स्टेट लायसन्स लागतं, त्याची फी जास्त, कागद जास्त आणि जागा बघायला अधिकारी यायची शक्यता पण जास्त. त्यामुळे मागच्या वर्षभराचे जमेचे आकडे, यूपीआयचे आणि रोखीचे, एका वहीत लिहून काढा आणि मगच फॉर्म भरा. जीएसटीला अजून वेळ आहे, डबे सर्व्हिसमध्ये धरतात, तिथे मर्यादा २० लाखांची आहे.

शॉप अॅक्टचं म्हणाल तर दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात आत्ता, म्हणजे २०२४ मध्ये, दहापेक्षा कमी माणसं असतील तर रजिस्ट्रेशन नाही, नुसती इंटिमेशन, म्हणजे सूचना, द्यायची, ऑनलाइन. दरवर्षी रिन्यू करायची भानगड पण गेली. आपल्याकडे लोक अजून गुमास्ता म्हणतात. बँकेत करंट अकाउंट उघडायला तीच पावती कामाला येते.

---

माजी_सेक्रेटरी_बिबवेवाडी

मी नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो, राग मानू नका.

नोटीस ज्या पद्धतीने लावली ती चूक आहे. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, ती त्याच्या नावाने, बोर्डावर फ्लॅट नंबर टांगून नाही. मग त्याचं म्हणणं सभेपुढे ऐकायचं, मग सभेने ठरवायचं, आणि दंड झाला तरी वर्षाला ५,००० रुपयांच्या वर नाही. मेंटेनन्समधलं सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, कमिटीच्या चार माणसांनी बसून एकाला दुप्पट लावता येत नाही. तसं बिल आलंच तर लेखी हरकत घ्या, नेहमीची रक्कम चेकने भरत राहा, थकबाकी होऊ देऊ नका कारण मग त्यांना आयतं हत्यार मिळतं. पुढे गेलंच तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक आहेत.

पण हेही खरं की फ्लॅट ज्या वापरासाठी दिला त्याच वापरासाठी ठेवायचा आणि बदल हवा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यायची, हे उपविधीतच आहे. तुम्ही कधी अर्ज दिला होता का? माझ्या नऊ वर्षांत घरगुती धंद्याच्या सहा तक्रारी आल्या आणि एकही 'धंदा करते' म्हणून नव्हती. एक होती तळणाच्या वासाची, पाइप डक्टमध्ये सोडला होता आणि डक्टला लागून वरच्यांच्या बाळाची खोली. एक होती लिफ्टची, साडेअकराला डब्यांच्या पिशव्या लिफ्टच्या दारात लावून ठेवायचे आणि पाचव्या मजल्यावरच्या डायलिसिसला जाणाऱ्या काकांना खाली यायला पंधरा मिनिटं लागली. तेव्हा ते काका लिफ्टसमोर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले होते, मी स्वतः बघितलंय. त्या डबेवाल्या बाईंना आधी कोणी येऊन सांगितलं नव्हतं, त्यांनी त्याच दिवशी वेळ बदलली.

तेव्हा नोटीस कोणाच्या तक्रारीवरून निघाली ते आधी शोधा. कायद्याचा कागद काढायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन या.

---

नकाशावाला

आर्किटेक्ट आहे, पुण्यातच काम करतो. जागेच्या वापराबद्दल लिहितो कारण हे कोणी सांगत नाही.

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. तिच्यात निवासी झोनमध्ये घरगुती व्यवसायाला परवानगी आहे, म्हणजे निवासी इमारतीत काहीच चालत नाही हे नोटिशीतलं वाक्य चूक. पण अटी वाचा. व्यवसाय घरातल्या माणसांनी करायचा, पगारी माणसं न ठेवता. उदाहरणं शिवण, भरतकाम अशी दिली आहेत. मोटार वापरली तर एकूण लोड पाऊण किलोवॅटच्या आत, म्हणजे एक एचपी. आपला घरातला मोठा मिक्सर ७५० वॅटचा असतो, तो एकटाच तिथपर्यंत पोचतो.

म्हणजे ताई, तुम्ही आणि सासूबाई मिळून दहा-बारा डबे करत होतात तोवर तुम्ही या कलमात आरामात बसत होतात. पगारी मावशी आल्या तेव्हा अटीच्या बाहेर गेलात आणि भाची आली तेव्हा नक्कीच गेलात. शॉप अॅक्टला दोन माणसं काहीच नाहीत, पण जागेच्या नियमाला पहिलं पगारी माणूस हीच रेघ आहे. दोन वेगळे कायदे, दोन वेगळे प्रश्न, आणि लोक एकाची पावती दुसऱ्याला दाखवतात.

सीएंचा मुद्दा सभेत काढू नका. राहणाऱ्याचं स्वतःचं प्रोफेशनल ऑफिस ५० चौरस मीटरपर्यंत याच नियमावलीत वेगळं मान्य आहे, त्यामुळे ती तुलना टिकणार नाही आणि एक शेजारी उगाच दुखावेल.

सील वगैरे उद्या सकाळी होत नाही, त्याला नोटीस असते, उत्तर द्यायची संधी असते. पण प्रॉपर्टी टॅक्स बघून ठेवा. महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते, आणि घराचा भाग धंद्याला वापरला म्हणून बिगरनिवासी आकारणी लागली तर बिल बरंच वाढतं.

---

कर्वेनगरची_सून

बाप रे, मावशींमुळे असं होतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. खूप खूप आभार सगळ्यांचे. काका, तक्रार कोणाची ते कळलं, आमच्या बरोबर वरचे आहेत, आमचा एक्झॉस्ट त्यांच्या बेडरूमच्या खिडकीखालीच येतो. मी चार वर्षांत वर मान करून कधी बघितलंच नाही.

अजून एक, लाइटचं मीटर कमर्शियल करावं लागतं का? आणि गॅस आमचा घरगुतीच आहे, दोन सिलेंडर, एक माझ्या नावावर एक सासूबाईंच्या.

---

वायरिंगवाला_धायरी

लाइटचं मी सांगतो, हेच काम आहे माझं. घराच्या एका भागातून धंदा करत असाल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण ३,६०० युनिटच्या आत असेल तर महावितरणचा घरगुती दरच लागतो, हे वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात आहे. वकील डॉक्टर सीए घरातून काम करतात त्यांना पण घरगुतीच. बिलावर बारा महिन्यांचे युनिट छापलेले असतात ते बेरीज करा, ३,६०० च्या वर गेलात तर स्वतःहून मीटरसाठी अर्ज द्या. कारण तपासणीत सापडलं तर वीज कायद्याचं कलम १२६ लागतं, दुप्पट दराने आकारणी, आणि कधीपासून वापर आहे ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची.

गॅसचं मात्र स्पष्ट आहे. १४.२ किलोची लाल टाकी फक्त घरच्या स्वयंपाकाला, विकायच्या जेवणाला १९ किलोची निळी. तपासणीत टाक्या जप्त होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काही अपघात झाला तर विम्याच्या वेळी हेच आडवं येतं. पण १९ किलोच्या टाक्या तिसऱ्या मजल्यावर बंद ड्राय बाल्कनीत ठेवणं मला अजिबात पटत नाही, तुमच्या घरात वयस्कर माणूस आहे. तुमच्या बिल्डिंगला पाइप गॅस आलाय का बघा, आला असेल तर त्यांच्याकडे कमर्शियल कनेक्शनची लेखी चौकशी करा. पाइप गॅसलाही घरगुती आणि कमर्शियल दर वेगळे असतात.

---

मेसवाला_नाहीये_पण_जेवतो

मी यातलं काही जाणत नाही. परभणीहून आलो तेव्हा दोन वर्षं अशाच एका काकूंच्या डब्यावर काढली, तापात असलो की न सांगता मऊ भात यायचा. काहीही करा पण बंद करू नका ताई.

---

कर्वेनगरची_सून · २९ जून २०२४

उद्या ३० तारीख म्हणून लिहिते, इतक्या जणांनी वेळ दिला तर सांगायलाच हवं.

मी आणि सासूबाई वरच्यांकडे गेलो. त्यांनी आधी दारातच उभं केलं, मग आत बोलावलं आणि बेडरूमचा पडदा दाखवला. खिडकीच्या बाजूचा काठ बोट लावलं की चिकट लागतो इतका तेलकट झालाय, आणि त्यांच्या मुलीला दमा आहे. मला तिथे बोलताच येईना, सासूबाई बोलल्या. आल्यावर त्याच दिवशी फोडणीची आणि तळणाची वेळ सकाळी सहावरून आठला नेली, पडदे धुवायला आम्ही दिले आणि पाइप मागच्या बाजूने गच्चीवर न्यायचं कोटेशन घेतलंय, साडेसात हजार, पण त्यालाही कमिटीची परवानगी लागणार म्हणून तो अर्ज दिलाय. दुसरा अर्ज घरगुती व्यवसायाच्या परवानगीचा, दोन्हीची पोच घेतली. दुप्पट मेंटेनन्सला लेखी हरकत दिली, ती सेक्रेटरींनी न बोलता घेतली.

वहीत जमा लिहून काढली, ओव्हनवाली ताईंचा अंदाज बरोबर होता, वर्षाचे १२ लाख ६० हजार निघाले. लाइटचे युनिट ३,४१० आले, थोडक्यात आत आहोत.

आता घरून वीसच डबे आणि ते मी आणि सासूबाईच करणार, एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन आता वीस डब्यांच्या हिशोबानेच भरलंय. पण वीस मुलींना मी जुलैपर्यंत थांबा म्हटलंय, आणि मावशींना आणि भाचीला महिन्याचा पगार देऊन घरी बसवलंय, तो मी दोन महिन्यांच्या वर देऊ शकणार नाही. त्यामुळे कर्वेनगर, वारजे किंवा हिंगणे भागात तळमजल्यावरचा छोटा गाळा कोणाच्या माहितीत असेल तर सांगा, शंभर-दीडशे स्क्वेअर फूट पण चालेल, पाणी आणि ड्रेनेज हवं आणि कमर्शियल गॅस ठेवता आला पाहिजे. पाइप गॅसवाल्यांना पण लिहिलंय, उत्तर यायचंय.