इंग्लंडचा क्रिकेटपटू मॉर्गन कुठला मग?
'आयर्लंड म्हणजे ब्रिटनच की, उगाच कीस कशाला पाडायचा?' असं कुणी ना कुणी म्हणतंच, म्हणून थोडा पाडतोच.

ग्रेट ब्रिटन हे बेट: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंग्डम. उरलेला आयर्लंड १९२२ पासून वेगळा. १९३७च्या राज्यघटनेत त्याचं इंग्रजी नाव नुसतं 'आयर्लंड' आहे. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हे १९४९ पासूनचं अधिकृत वर्णन. 'दक्षिण आयर्लंड' तर म्हणूच नये. मुख्य बेटाचं उत्तर टोक, मॅलिन हेड, याच 'दक्षिणेत' आहे!

खरा गुंता उत्तर आयर्लंडात. १९९८च्या गुड फ्रायडे करारानुसार (तिथला हिंसाचार मिटवणारा शांतता करार) तिथल्या लोकांना स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवता येतं, पासपोर्टही दोन्ही घेता येतात. पण आईवडील ब्रिटिश किंवा आयरिश असतील, तर ब्रिटिश कायदा तिथे जन्मलेल्या मुलाला जन्मतःच ब्रिटिश धरतो. म्हणजे 'मी फक्त आयरिश' म्हणणाऱ्याने जे ब्रिटिश नागरिकत्व कधी मानलंच नाही, ते फी भरून रीतसर सोडायचं. कमाल आहे.

खेळात आणखी मजा. क्रिकेट आणि रग्बीत अख्ख्या बेटाचा एकच संघ, फुटबॉलमध्ये दोन. आणि २०१९चा क्रिकेट विश्वचषक जिंकणारा इंग्लंडचा कर्णधार ऑयन मॉर्गन डब्लिनचा, आधी आयर्लंडकडूनच खेळलेला.

आपण तरी कुठे मागे? लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा डब्लिनमध्ये जन्मलेल्या त्या माणसाला आपण थेट मालवणी करून टाकलं होतं. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, एवढं पुरलं.