होणारा नवरा जर्मन, मी भारतीय: लग्न इथे करावं की तिकडे? आणि नंतर त्याच्या व्हिसाचं काय?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज स्वतःचं काम अडलंय म्हणून लिहितेय. माझा बॉयफ्रेंड जर्मन, मी भारतीय, पासपोर्ट भारतीयच आणि तो सोडायचा विचार नाही. दोन्ही घरून होकार आहे (माझ्या आईने वेळ घेतला पण आता तीच हॉल बघत फिरतेय). सुरुवातीची काही वर्षं भारतातच राहायचं ठरतंय, माझी नोकरी इथे आहे आणि तो तिकडची सोडून येणार आहे.

गोंधळ असा की प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. ऑफिसातला एक म्हणतो गुरुजी बोलवा, हॉलमध्ये लग्न लावा, फोटो काढा, फोटो दाखवले की सर्टिफिकेट मिळतं. एक एजंट म्हणाला टूरिस्ट व्हिसावर आलेल्याला भारतात लग्नच करता येत नाही, स्पेशल व्हिसा लागतो, तो मी काढून देतो. मावशी म्हणते तिकडेच उरकून या. मग लग्न झाल्यावर त्याला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड) लगेच मिळतं का, तोपर्यंत राहणार कशावर, इथे नोकरी करू शकतो का, आणि मला पासपोर्टवर नाव बदलावंच लागतं का? कुणी यातून गेलं असेल तर जरा सविस्तर सांगा ना.

तिसरा_साक्षीदार

अभिनंदन! आधी हॉलचं बोलू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. तो ख्रिश्चन किंवा कुठलाच धर्म न मानणारा असेल तर मंगलाष्टका झाल्या, सप्तपदी झाली, जेवणावळी उठल्या तरी कायद्याच्या लेखी लग्न झालेलं नाही. हौस म्हणून जरूर करा, पण कागद स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ खालीच करा. तुमच्या ऑफिसातला माणूस बहुतेक त्याच कायद्यातल्या कलम १५ बद्दल ऐकून बोलतोय, आधी झालेल्या लग्नाची नंतर नोंदणी, पण त्यात दोघांचंही त्या जिल्ह्यात अर्जाआधी किमान ३० दिवस वास्तव्य लागतं. सरळ रस्ता असताना या गल्लीत शिरू नका.

सरळ रस्ता असा. दोघांपैकी कुणीतरी एक ज्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलंय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. कुणीतरी एक, हे नीट वाचा. म्हणजे तुम्ही तिथे राहताय तेवढं पुरतं, त्याने महिनाभर आधी येऊन बसायची गरज नाही. नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते, तुमचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर प्रत तिकडेही जाते, ३० दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर लग्न, आणि नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत ते झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. हरकतसुद्धा वाट्टेल ती चालत नाही, आधीचं लग्न, वय, जवळचं नातं असली कलम ४ मधलीच कारणं लागतात. "आम्हाला जावई पसंत नाही" हे कारण त्यात नाही.

बोर्डावर नोटीस लावण्याबद्दल २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने म्हटलं होतं की ती ऐच्छिक असावी, पण त्या भरवशावर इथल्या काउंटरवर वाद घालायला जाऊ नका.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघांवर निघालेली बरीच जोडपी पाहिलीत, मग आवारात कुणाची तरी मनधरणी चालू असते. माझा आयडी असाच पडलाय.

खडूस_काका

एजंट बरोबर बोलतोय. टूरिस्ट व्हिसा फिरण्यासाठी असतो, लग्नासाठी नाही. उगाच रिस्क घेऊ नका.

फाइलवाली

काका, असं ठोकून देऊ नका हो. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये व्हिसाचा प्रकार कुठेच लिहिलेला नाही, आणि वैध व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने भारतीयाशी लग्न केलं तर व्हिसा एंट्री व्हिसात बदलून घ्यायची सोय आहे. एजंटला त्याचं दुकान चालवायचंय, त्याला चालवू दे.

खरा प्रश्न व्हिसाच्या प्रकाराचा नाही, दिवसांचा आहे. ३० दिवसांचा ई-टूरिस्ट (ऑनलाइन मिळणारा टूरिस्ट व्हिसा) घेऊन आला तर नोटिशीचे ३० दिवस संपायच्या आत त्याला विमान पकडावं लागेल. एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा ई-टूरिस्ट घेतला तर जर्मन पासपोर्टवर एका खेपेत ९० दिवस राहता येतं (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपानवाल्यांना १८०). त्या ९० मध्ये नोटीस, लग्न, सर्टिफिकेट आणि व्हिसा बदलायचा अर्ज हे सगळं बसवायचं, म्हणून नोटीस तो आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच पडली पाहिजे. साखरपुडा, केळवणं, फिरणं नंतर.

लग्नानंतर तो राहतो एंट्री व्हिसावर, भारतीयाच्या जोडीदाराचा एक्स-२ म्हणतात तो. अर्ज ई-एफआरआरओच्या (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी बघणारं सरकारी ऑफिस) साइटवर होतो, कागद स्कॅन करून चढवायचे, बोलावलं तरच जायचं. हा व्हिसा राहण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. इथे ऑफर मिळाली तर आधी एफआरआरओकडून सोडवून घ्यायचं, मग जॉइन व्हायचं, उलटं करू नका.

आता ओसीआय. लगेच मिळत नाही. लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. मीटर हॉलमधल्या तारखेला नाही, नोंदणीनंतरच पडतं, त्यामुळे "आधी थाटात लग्न करू, रजिस्टर निवांत करू" म्हणणारे स्वतःच्याच हाताने वर्ष-सहा महिने घालवतात. भारतात अर्ज केला तर फी १५,००० रुपये, बाहेरून २७५ डॉलर. त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजोबांपैकी कुणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर मिळत नाही, जर्मनाला शक्यतो हा प्रश्न येत नाही. मिळाल्यावर एफआरआरओची कटकट संपते आणि खासगी नोकरीही करता येते, पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आणखी एक, जे कुणी लग्नाच्या गडबडीत सांगत नाही: हे कार्ड लग्नावर टांगलेलं असतं. घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं, आणि त्याने नवीन पासपोर्ट काढला की प्रत्येक वेळी लग्न अजून टिकून आहे असं डिक्लेरेशन साइटवर चढवावं लागतं.

नाव बदलायचं बंधन नाही. लग्नाने तुमचं नागरिकत्वही हलत नाही.

निळी_छत्री

फाइलवाली ताई आणि साक्षीदार दादा, खूप खूप आभार, दोन महिन्यांत जे कुणी सांगितलं नाही ते एका संध्याकाळी कळलं. म्हणजे तो पाच वर्षांचा ई-टूरिस्ट घेऊन येतो, आल्या आल्या नोटीस, आणि आईला सांगते हॉल सव्वा महिन्यानंतरचा बघ. त्याच्याकडून नेमके काय कागद लागतील? आणि नंतर कधी जर्मनीला जायचं ठरलं तर इथलं सर्टिफिकेट तिकडे चालतं ना? अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो शिक्का) करून ठेवू का?

गारठा

मी जर्मनीत आहे, बायको जर्मन, लग्न भारतात झालं, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे बाकी देशांसाठी मारतात तसा अपॉस्टिलचा शिक्का इथे उपयोगाचा नाही. इथल्या ऑफिसला हवं असेल तर ते तुमचे भारतीय कागद तिथल्या जर्मन कॉन्सुलेटमार्फत पडताळून घेतात, म्हणजे कुणीतरी खरोखर जाऊन रजिस्टरमधली नोंद बघतं, आणि त्याला महिने लागतात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, असले प्रकार तिथे बरोब्बर पकडले जातात. मधल्या नावाचं तर विचारूच नका, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं हे पटवता पटवता माणूस थकतो. हे सगळं आत्ताच एकसारखं करून घ्या, लग्नाच्या सर्टिफिकेटवर पासपोर्टमधलंच स्पेलिंग अक्षर न् अक्षर येऊ द्या, सही करायच्या आधी वाचा.

त्याच्याकडून पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला आणि लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला. हा दाखला तो तिकडच्या नोंदणी ऑफिसातून काढेल, पण त्यासाठी ते तुमचेही कागद मागतात, तुम्ही अविवाहित असल्याचा पुरावा वगैरे, आणि दाखला सहा महिनेच चालतो. त्यामुळे तो फार आधीही नको आणि तिकीट काढल्यावरही नको. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा निकालही लागतो, विचारून ठेवा, लाजू नका.

तुम्ही पुढे इकडे आलात तर जोडीदाराच्या व्हिसासाठी साधारणपणे ए१ लेव्हलचं, म्हणजे अगदी सुरुवातीचं, जर्मन लागतं. आत्तापासून हळूहळू सुरू करा, सासूशी बोलायलाही बरं. आणि जर्मनी २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत घेत नाही, त्यामुळे पासपोर्ट सोडायचा नसेल तर तिथल्या नागरिकत्वाच्या वाटेला जाऊ नका, पर्मनंट रेसिडेन्सवर छान राहता येतं.

तिसरा_साक्षीदार

एक राहिलं, कुणी विचारलं नाही म्हणून. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली हिंदू व्यक्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन सोडून इतर कुणाशी लग्न केलं की वारसाहक्काला हिंदू कायदा न लागता १९२५ चा इंडियन सक्सेशन अ‍ॅक्ट लागतो, आणि अविभक्त कुटुंबातूनही ती व्यक्ती वेगळी झाली असं धरतात. घरात एकत्र जमीन-वाडा असेल तर लग्नाच्या आधी वकिलासमोर बसा. मृत्युपत्र तर दोघांनीही करून टाका, वय कितीही असो.

फाइलवाली

आणि निळी, तो तुमच्या घरी उतरणार असेल तर फॉर्म सी (२०२५ पासून फॉर्म III) विसरू नका. परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला आला की २४ तासांत यजमानाने ऑनलाइन कळवायचं असतं, फक्त हॉटेलांनी नाही. फॉर्म घराच्या मालकाच्या नावाने जातो, म्हणजे बहुधा तुमच्या बाबांच्या, आणि पुढे व्हिसा बदलायच्या अर्जात पत्त्याचा प्रश्न आला की हाच कागद कामी येतो. तो यायच्या आधीच बाबांचं लॉगिन उघडून ठेवा, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो आणि बाबा लोक फोन कुठे ठेवतात ते आपल्याला माहितीये.