कार्ल्याच्या जुन्या फोटोंतला 'तो' माणूस: मोजपट्टी की आणखी काही?

गिरिभ्रमर: कार्ल्याच्या चैत्यगृहाचे, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाचे, एकोणिसाव्या शतकातले फोटो बघताना एक गोष्ट खटकते. समोर स्तूप, दोन्हीकडे माथ्यावर हत्ती मिरवणारे खांब आणि कधी एखाद्या खांबाच्या पायाशी कोरलेल्या घटाशी बसवलेला उघडाबंब माणूस. फोटोखाली लेण्याचं नाव, कधी फोटोग्राफरचंही. त्या माणसाचं मात्र नाही. ४५ फुटी छताखाली तो मुंगीएवढा दिसावा म्हणूनच बसवलाय. सत्ता म्हणतात ती हीच.

टेप_घ्या: उगाच साहेबाच्या नावानं बोटं मोडू नका. उंची कळायला माणूसच ठेवणार ना? उत्खननात आजही लाल-पांढरी पट्टी ठेवतातच की. आणि बसवलाय कारण आत उजेड येतो तो दारांतून आणि वरच्या कमानी गवाक्षातून, तेवढ्यावर ओल्या कोलोडियनच्या काचेला (तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेली ओली काच असायची) बराच वेळ द्यावा लागायचा. उभा माणूस जरा हलला की नुसता धूर. काच वाळायच्या आत धुवायची, म्हणजे काळोखा तंबू, रसायनं, पाणी सगळं डोंगरावर न्यायचं. हमालांपैकीच कुणीतरी बसला असेल.

गिरिभ्रमर: म्हणजे ओझंही त्यानंच वाहिलं आणि मोजपट्टीही तोच! माझंच म्हणणं झालं की हे. अहो, याच लेण्यात दार घडवणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचं नाव दगडात कोरलंय. खांब दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांचीही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुताराला जे मिळालं, ते याला नाही.

चैत्रयात्रा: तुम्ही दोघंही त्या माणसावरच अडलात. एकवीरा कुठंय? देऊळ लेण्याच्या तोंडाशी. कोळी, सीकेपी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नवस फेडायला येतात. फोटोत मात्र लेणं ओस, बेवारस.

टेप_घ्या: ताई, कॅमेरा दाराशी आणि रोख स्तूपाकडे. देऊळ पाठीमागे राहणारच, त्यात कसलं राजकारण?

चैत्रयात्रा: मग यात्रेच्या दिवशी का नाही लावला?

टेप_घ्या: यात्रेत कोण दगडासारखं उभं राहणार? सगळी माणसं पुसली गेली असती.

चैत्रयात्रा: मान्य, गर्दी त्या काचेला झेपत नव्हती. पण मग तेच फोटो दाखवून 'विस्मृतीत गेलेलं लेणं साहेबानं उजेडात आणलं' असं सांगायचं, हे कुठल्या रसायनात बसतं? पायथ्याच्या वेहेरगावाला विचारा, कधी विसरलं होतं ते.

गिरिभ्रमर: हे पटलं. पण बसलेल्या माणसाचा मुद्दा मी सोडत नाही.