कोपऱ्यात अडकणारा रोबोट आणि यादृच्छिक संख्या

प्रश्न : सहावीच्या मुलांनी मायक्रोबिटवर (शिकण्यासाठीच्या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकावर) चालणाऱ्या दोन चाकी गाडीसाठी ‘भिंत दिसली की अर्धा सेकंद उजवीकडे वळ, पुन्हा दिसली की तितकेच डावीकडे’ असा प्रोग्राम लिहिला आहे, पण कोपऱ्यात शिरली की गाडी दोन भिंतींमध्ये हेलकावे खात राहते. येथे यादृच्छिक (रँडम, म्हणजे आधी सांगता न येणारी) संख्या कशी शिकवावी?

उत्तर १ : वळण्याचा वेळ ३०० ते ९०० मिलिसेकंदांमधून यादृच्छिक निवडू द्या. तेच वळण पुन्हापुन्हा होत नसल्यामुळे गाडी त्या चक्रातून सुटते. २००२ मध्ये आलेला रूम्बा हा घर झाडणारा रोबोटही खोलीचा नकाशा न बनवता बऱ्याच अंशी अशाच वळणांवर विसंबून असे.

उत्तर २ : त्याआधी मुलांच्या हाती लुडोचा फासा अवश्य द्या. एकाने रोबोट व्हावे, भिंतीशी पोहोचताच दुसऱ्याने फासा टाकावा आणि पडलेल्या दानाइतकी पावले रोबोटाने बाजूला सरकावे. माझ्या वर्गात बहुतेकांनी संख्या लूपच्या (पुन्हापुन्हा चालणाऱ्या सूचनांच्या) बाहेर एकदाच निवडली होती, त्यामुळे गाडी दरवेळी तेच वळण घेई. ‘फासा प्रत्येक भिंतीपाशी नव्याने टाकायचा’ हे आठवताच त्यांनी ती ओळ स्वतःच आत घेतली.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. यादृच्छिक संख्या घालून पाहिली तेव्हा आमचीही ओळ लूपच्या बाहेरच होती.